इजेनच्या विवरात

रायगड जिल्ह्यातील एका सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे आणि सल्फर डायऑक्साइड हा वायू नळ्यांबाहेर येऊ नये, हे पाहणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. नेमका तोच वायू उघड्या आकाशाखाली तयार होताना पाहण्यासाठी जगभरातून लोक पूर्व जावातील कावा इजेन या जागृत ज्वालामुखीवर मध्यरात्री चढतात आणि बालीला सुट्टीवर गेलो असताना आम्हीही चढलो. पत्नीला तेथील निळ्या ज्वाला पाहायच्या होत्या. मी सामानात नाक-तोंड झाकणारे दोन अर्धमुखवटे आणि पिवळ्या पट्टीचे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडसाठीचे, फिल्टर भरले तेव्हा मला काय पाहायचे आहे ते तिने ओळखले आणि ती काही बोलली नाही.

बालीच्या पश्चिम टोकावरील गिलिमानुक बंदरातून फेरीबोट तासाभरात सामुद्रधुनी ओलांडून जावातील केतापांगला पोहोचवते, आणि घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. तेथल्या बान्युवांगी शहराहून गाडीरस्ता पालतुडिंग या पायथ्याच्या ठाण्यापर्यंत जातो. तेथून विवराच्या कड्यापर्यंत जेमतेम तीन किलोमीटरची वाट आहे, पण तिचा बराचसा भाग चांगलाच उभा आहे. आपण ज्याला शिखर म्हणतो तसे टोक येथे नाही. चढाई कड्यावर संपते आणि पुढची वाट आत, विवराच्या तळाकडे उतरते. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ज्वालामुखीचा खडक नवा नसतो, मात्र आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आहे.

पायथ्याशी प्रत्येकाला भाड्याचा मुखवटा मिळतो. मुखवटे दिसायला ठीक होते, परंतु त्यांचे फिल्टर पाकिटातून केव्हा काढले आणि किती जणांनी वापरले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वायूचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येत नाही. त्यातील रसायनयुक्त कोळशाची शोषण्याची क्षमता संपली की तो केवळ नाकासमोरचा डबा उरतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ आत येतो, आणि ज्वालामुखीच्या विवरात तोही असतोच. वायूचे प्रमाण वाढले की तळाकडची वाट बंद ठेवतात. त्या रात्री ती उघडी होती आणि वारा आमच्या पाठीमागून वाहत होता, एवढी खात्री करून आम्ही गाइडच्या मागे उतरलो.

निळ्या ज्वालांचे वर्णन अनेकदा निळा लाव्हा असे केले जाते, ते चुकीचे आहे. जमिनीतील भेगांमधून गंधकयुक्त वायू दाबाखाली बाहेर पडतात, त्यांचे तापमान 600 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि हवेतील प्राणवायूशी गाठ पडताच ते पेट घेतात. गंधकाची ज्योत निळीच असते. आमच्या कारखान्यातील भट्टीच्या झरोक्यातून मी ती वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पण भट्टीत गंधक जळून झालेला सारा सल्फर डायऑक्साइड पुढे उत्प्रेरकाच्या थरांकडे जातो आणि अखेर त्याचे ॲसिड होते, तर येथे तो उतारावर पसरत होता. सल्फर डायऑक्साइड हवेच्या दुपटीहून जड असल्यामुळे खोलगट जागी साचून राहतो. ज्वाला देखण्या होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. एकदा वारा फिरला, पांढरा लोट अंगावर आला, आसपासचे लोक खोकत खाली बसले, आणि जड वायूत खाली बसणे हाच सर्वांत वाईट उपाय आहे, हे मी त्यांना मराठी, हिंदी व इंग्रजी अशा सरमिसळीत ओरडून सांगत होतो. 1948 च्या भारतीय कारखाना कायद्यात आठ तासांच्या पाळीसाठी या वायूची सरासरी मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत दोन भाग ठरवलेली होती. माझ्याजवळ मोजणारे यंत्र नव्हते. पण मुखवट्याबाहेर डोळ्यांची होणारी आग, तेथील हवा त्या मर्यादेत नाही, हे सांगायला पुरेशी होती.

उजाडू लागल्यावर खाणीचे काम दिसू लागले. भेगांवर लांब नळ्या बसवून वायू खाली वळवलेला असतो. नळीत तो थंड होतो आणि टोकाशी द्रवरूप गंधक ठिबकते. ते आधी तांबडे दिसते, कारण सुमारे 160 अंशांच्या पुढे वितळलेले गंधक गडद व घट्ट होते, आणि निवले की त्याचा पिवळाधमक थर होतो. कामगार पहारीने तो फोडतात आणि बांबूच्या दोन टोपल्यांच्या कावडीत भरतात. एका कावडीचे वजन 70 ते 90 किलो असते. ती खांद्यावर घेऊन दगडांवरून कड्यापर्यंत चढायचे असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 मधील शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सांगितलेली आहे, आणि आपल्याकडे नवी मुंबईच्या बाजार समितीत पन्नास किलोंहून जड गोणीला माथाडी कामगार हरकत घेतात.

बहुतेकांच्या तोंडाला ओले फडके होते. ओल्या फडक्यात थोडा वायू विरघळतो हे खरे, पण विरघळून त्याचे आम्लच होते, आणि ते फडके काही कामगार दातांत धरून ठेवतात. विश्रांतीला थांबलेल्या एका पन्नाशीच्या कामगाराशी गाइडच्या मदतीने बोलणे झाले. आमच्याकडे गंधक कोण वाहून आणतो, असे त्याने विचारले. ते तेलशुद्धीकरण कारखान्यातून येते, कच्च्या तेलातून वेगळे काढलेले असते, आणि आमच्या आवारात वितळल्यावर पंपाने पुढे जाते, असे मी सांगितले. पंपावरच्या माणसाला पगार किती, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. मी आकडा सांगितला. त्याला वजनावर पैसे मिळतात, आणि त्या दिवशीची त्याची ती पहिलीच खेप होती.

कड्यावर परतलो तेव्हा सूर्य वर आला होता आणि सुमारे किलोमीटरभर लांबीचे हिरवट निळे तळे पूर्ण दिसत होते. हे जगातील सर्वांत मोठे तीव्र आम्लधर्मी विवर-तळे मानले जाते. त्याचा सामू एकपेक्षाही कमी आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांचे सगळे लक्ष रंगाकडे असते. माझ्या मते खरी भीती पाण्यापेक्षा त्याखालच्या वायूची आहे: मार्च 2018 मध्ये तळ्यातून उसळलेल्या वायूमुळे उतारावरील गावांतील शेकडो लोकांना हलवावे लागले होते आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. भाड्याच्या मुखवट्याने अशा वेळी फारसे काही साधणार नाही.

उतरताना वाटेत दोन चाकांच्या हातगाड्या ओढणारी माणसे भेटत राहिली. पूर्वी कड्यापासून खालीही कावडीच जात. आता या गाड्यांवर गंधक उतरवतात आणि दमलेल्या पर्यटकांना वर चढवतात. एका पर्यटकाला वर नेण्याचे पैसे गंधकाच्या कित्येक खेपांच्या मजुरीहून जास्त असतात, त्यामुळे अनेकांनी कावड सोडली आहे, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही.

तो पन्नाशीचा कामगार वाटेतील वजनकाट्यापाशी पुन्हा दिसला. मी माझा मुखवटा आणि फिल्टरची न उघडलेली जोडी त्याला दिली. फिल्टर केव्हा बदलायचा, असे त्याने विचारले, तेव्हा कारखान्यात सांगतो तेच मी सांगितले: आत वास येऊ लागला की. त्यावर त्याला हा वास कित्येक वर्षांत आलेलाच नाही, असे गाइडने भाषांतर करून सांगितले. मग घसा खवखवला की बदला, असे मी म्हटले. तर खवखव कधी थांबते ते आधी सांगा, असे तो म्हणाला आणि दोघेही हसले. शेवटी मी जोडीचे पाकीट उघडले, दोन्ही फिल्टरवर पेनने त्या दिवसाची तारीख घातली आणि वास येवो वा न येवो, आठवड्याने हे फेकून द्या, असे गाइडकडून त्याला दोनदा सांगवले.