रागावलेला देव तिला दिसलाच नाही

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी झोप येईना म्हणून परत ज्युलियन उघडली. नॉर्विचची ज्युलियन, चौदाव्या शतकातली, इंग्लंडमधली, चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत स्वतःला जन्मभरासाठी कोंडून घेतलेली बाई. खरं नाव काय होतं कुणाला माहीत नाही, सेंट ज्युलियन चर्चला तिची खोली होती म्हणून ज्युलियन म्हणायचं एवढंच. बाईने इंग्रजीत लिहिलेलं आणि आजवर टिकलेलं सगळ्यात जुनं पुस्तक तिचं आहे वगैरे ठीक, पण मी तिच्याकडे परत परत जाते ते एका गोष्टीसाठी. ती म्हणते देवात राग नाही. आवरून धरलेला आहे, पश्चात्ताप केला की उतरतो, असंही नाही. मुळात नाहीच.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण आपल्याकडे बघा ना. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, आपला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की ठरलेलं असतं, मी भटकलो तेव्हा देवाने माझ्याकडे पाठ फिरवली, मी परत आलो आणि त्याने मला परत जवळ घेतलं. सगळे आमेन म्हणतात, मीपण म्हणते. आणि त्याच मीटिंगमध्ये दहा मिनिटांनी बायबलमधलं इब्री 13:8 पाठ म्हणतो, येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे. सारखाच आहे तर मग पाठ कुणी फिरवली?

ज्युलियनचं म्हणणं की आपण फिरवली, आणि मग आपलंच तोंड भलतीकडे असल्यामुळे तो दिसेनासा झाला. राग आहे तो आपल्या बाजूला आहे.

आणि हे तिने कुठे निवांत बसून लिहिलं असं वाटत असेल तर तिचा काळ बघावा. जन्म 1342-43 च्या आसपासचा, म्हणजे 1349 मध्ये नॉर्विचमध्ये प्लेग घुसला तेव्हा ती सहा-सात वर्षांची. प्लेग 1361 ला परत आला, 1369 ला परत. प्रत्येक वेळी पुलपिटवरून, म्हणजे चर्चच्या व्यासपीठावरून, एकच, हा देवाचा कोप आहे, आपल्या पापांमुळे आहे. 1381 मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं ते नॉर्विचच्या बिशपनेच सैन्य घेऊन जाऊन चिरडलं. 1401 पासून पाखंडी ठरलेल्याला जिवंत जाळायचा कायदा. अशा गावात बसून एक बाई लिहिते की मी शोधलं, नीट शोधलं, पण मला देवात कोप सापडला नाही. आपल्या एसी चर्चमध्ये बसून असं म्हणायला काही लागत नाही, तिथे लागत असणार.

1373 चा मे महिना, ती साडेतीस वर्षांची, इतकी आजारी की मरणाऱ्याला देतात तो शेवटचा संस्कारही उरकलेला, कमरेखालचं अंग मेल्यासारखं. पाळक येऊन तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरतो आणि तिला दर्शनं व्हायला लागतात, एकूण 16. ती त्या आजारातून वाचते. त्या दर्शनांतलं हेझलनटचं, म्हणजे कवचाच्या एका छोट्या फळाचं, दर्शन सगळ्यांना माहीत असतं, तळहातावर एवढीशी गोल वस्तू आणि तीच सगळी सृष्टी, देवाने केली, देव तिच्यावर प्रेम करतो, देव ती सांभाळतो. छान आहे. पण मला त्याहून धनी आणि चाकराची गोष्ट जास्त धरते.

धनी शांत बसलाय, चाकर शेजारी उभा. धनी त्याला कुठेतरी पाठवतो आणि चाकर नुसता चालत नाही, प्रेमापोटी धावत सुटतो, आणि धावता धावता खड्ड्यात पडतो. सडकून लागतं, उठता येत नाही, कण्हतोय. पण सगळ्यात मोठं दुखणं कुठलं, तर त्याला मान वळवता येत नाही, आणि धनी अगदी जवळ आहे तरी त्याला दिसत नाही. ज्युलियन सांगते मी मुद्दाम बघत राहिले की धनी ह्याला दोष देतो का. नाही देत. जसा आधी बघत होता तसाच मायेने बघतोय, वर म्हणतोय माझ्यासाठी धावला आणि एवढं सोसलं तर ह्याला मी काहीतरी भरून द्यायला हवं. चाकर म्हणजे आदाम, आणि तोच चाकर म्हणजे ख्रिस्तही, कारण आदाम पडला त्याच्याबरोबर देवाचा पुत्रही खाली आला, मरियेच्या उदरात.

ही गोष्ट तिने आधी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात नाहीच, तिला उलगडलीच नव्हती. तिचा अर्थ कळायला वीस वर्षांना तीन महिने कमी एवढा वेळ लागला असं ती स्वतः लिहिते. आणि आम्हाला तीस मिनिटांच्या संदेशात पाच मुद्दे पाहिजेत.

पुढे जाऊन तर ती म्हणते की देवाच्या बाजूने बघितलं तर त्याला क्षमा करताच येत नाही, कारण तो रागावलेलाच नाही! हे वाक्य मी तीनदा वाचलं. काकूंना फोनवर वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या अगं मग नरकाचं काय, वधस्तंभाचं काय, सगळं फुकट का? काकूंचा प्रश्न बरोबर आहे आणि गंमत म्हणजे ज्युलियनलाही तोच पडलेला. चर्च शिकवतं की काही लोक नाश पावणार, आणि मला दाखवलं गेलं की सगळं ठीक होईल, हे दोन्ही कसं बसायचं? तिला उत्तर एवढंच मिळतं की तुला अशक्य ते मला अशक्य नाही. शेवटच्या दिवशी देव एक मोठं काम करणार आहे, काय ते कुणाला सांगितलेलं नाही. ती दोन्ही टोकं हातात धरून ठेवते, गाठ मारत नाही. हे मला पटतं. 'सगळं ठीक होईल' हे तिचं वाक्य हल्ली मगवर आणि स्टेटसवर फुलांच्या फोटोबरोबर फिरतं ते बघून मात्र डोकं फिरतं, कारण ते पाप मुळात होऊच का दिलं ह्या तिच्या रडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ख्रिस्ताला ती आई म्हणते तेव्हा इंग्रजी वाचकांना म्हणे नवल वाटतं. आपल्याला काय वाटायचंय, आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउलीच आहे.

अजून एक, मग झोपते. 1413 च्या सुमारास मार्जरी केम्प नावाची बाई तिला भेटायला आली, चर्चमध्ये मोठमोठ्याने रडणारी, लिन ह्या तिच्या गावातले लोक तिला कंटाळलेले. मला जे होतं ते देवाकडून आहे का हे विचारायला आली. ज्युलियन तेव्हा सत्तरीची. मार्जरीने पुढे ती भेट लिहवून घेतली त्यात ज्युलियनच्या स्वतःच्या दर्शनांबद्दल चकार शब्द नाही. म्हातारीने तिला कसोटी दिली ती अशी, की पवित्र आत्मा प्रीतीच्या विरुद्ध काही करायला सांगतच नाही, कारण तसं केलं तर तो स्वतःच्याच विरुद्ध जाईल, तो सगळाच प्रीती आहे. आणि लोक बोलतात त्याची भीती बाळगू नकोस म्हणाली.