लिव्हने चित्र परत द्यायला हवं होतं का?

आज वाचनगटात जोजो मॉयसच्या 'द गर्ल यू लेफ्ट बिहाइंड' या कादंबरीवरून जाम वाद झाला. वारलेल्या नवऱ्याने गिफ्ट दिलेलं चित्र नायिका लिव्ह जिवापाड जपते आणि नेमका तिला आवडायला लागलेला माणूस लुटलेली चित्रं मूळ घराण्याला परत मिळवून देणाऱ्या कंपनीत! गटातल्या एक काकू म्हणाल्या, नवऱ्याची आठवण आहे, का द्यायची? मला पटेचना. खऱ्या आयुष्यात मारिया ऑल्टमन ऑस्ट्रियाशी वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा कुठे २००६ मध्ये नाझींनी लुटलेली, त्यांच्या काकांकडची चित्रकार क्लिम्टची पाच चित्रं परत मिळाली, त्यांच्या जागी आपण असतो तर? रोमान्स घाईत उरकलाय असं बऱ्याच जणींचं मत, पण १९१६ च्या फ्रान्समधली सोफी आणि तिच्या भिंतीवरच्या याच चित्रापुढे थबकणारा तो जर्मन कमांडंट, बाप रे, पोटात गोळाच येतो!