प्रभूची प्रार्थना ग्रीकमधून : ५७पैकी ४५ शब्द झाले

आठवडे १ आणि २

येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना मूळ ग्रीकमधून शब्दाशब्दाने शिकतो आहोत. पाठ बायबलच्या नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (६:९-१३), शेजारी ताडून पाहायला लूकचे शुभवर्तमान (११:२-४). शेवटची ‘कारण राज्य तुझे आहे’वाली पुस्ती चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाय हस्तलिखितांत नाही. ती वगळली की मत्तयात नेमके ५७ शब्द भरतात. एका शब्दाला एक कार्ड : वर मूळ धातू, मध्ये रूप, खाली मराठी.

उच्चाराची एकच पद्धत धरा. आजच्या ग्रीक चर्चमधल्या उच्चारात ‘हेमोन’ (आमचा) आणि ‘हुमोन’ (तुमचा) दोन्ही ‘इमोन’ होतात. ध्वनिफीत ऐकून लिहायला बसलात तर इथे हमखास घोटाळा होतो; हस्तलिखितांच्या प्रती करणाऱ्या जुन्या लेखनिकांचाही झाला आहे. सुरुवातीला पाठ्यपुस्तकी उच्चार बरा. थीटा, फी, खी यांना थ, फ, ख लिहा. प्राचीन ग्रीकमध्ये ते महाप्राणच होते, म्हणजे देवनागरीवाल्यांना हा धडा फुकटात.

‘हागिआस्थेतो, एल्थेतो, गेनेथेतो’ ही तिन्ही तृतीय पुरुषी आज्ञार्थी रूपे. इंग्रजीला इथे साहाय्यक शब्दाची कुबडी लागते. आपल्याकडे ‘येवो’, ‘होवो’ आयते आहेत. क्रमही ठेवून पाहा : ‘एल्थेतो हे बासिलेइआ सू’, येवो राज्य तुझे.

आठवडे ३ आणि ४

दोन्ही आठवडे एका शब्दात गेले : ‘एपिऊसिओस’. ‘रोजची भाकर’मधला ‘रोजची’ तो हाच. नव्या करारात मत्तय आणि लूक यांच्या या ओळीखेरीज कुठे नाही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिगेनने, ज्याची मातृभाषाच ग्रीक, लिहून ठेवले की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात सापडतो ना लोकांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो.

फोड दोन तऱ्हांनी होते. ‘एपि’ + ‘ऊसिआ’ धरले तर ‘अस्तित्वाला लागणारी’. अडचण संधीची : स्वरापुढे ‘एपि’चा इकार सहसा गळतो, म्हणजे ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. दुसरी फोड ‘एपिऊसा’पासून, म्हणजे ‘येणारा (दिवस)’. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ १६:११मध्ये ‘ते एपिऊसे’ म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी’. इथे संधी बिनतक्रार बसतो आणि अर्थ होतो ‘उद्याची भाकर आज दे’. हातावर पोट असलेल्याची मागणी अशीच असते; आमचा कल इकडेच. जेरोमने मात्र बायबलचे लॅटिन करताना मत्तयात ‘सुपरसब्स्टान्शियालेम’ (द्रव्यापलीकडची) आणि लूकमध्ये ‘कोतिदियानुम’ (रोजची) असे एकाच ग्रीक शब्दाचे दोन शब्द केले.

इजिप्तमधल्या हवारा इथे सापडलेल्या खर्चाच्या यादीत हा शब्द आहे, असे अजूनही जुन्या कोशांच्या हवाल्याने सांगितले जाते. तो पपायरस हरवला होता. १९९८मध्ये येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला आणि पुन्हा वाचला तेव्हा तिथे ‘एलाइऊ’, म्हणजे तेल, निघाले. तो पुरावा कार्डावरून खोडा.

आठवडा ५

‘ओफेइलेमाता’ म्हणजे देणी. मत्तय देणी म्हणतो, लूक पहिल्या अर्ध्यात ‘हामार्तिआस’ (पापे) म्हणतो आणि दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा देणेकऱ्यावर येतो. मागे येशूच्या बोलीतला, अरामी ‘होबा’ असावा. त्याचा अर्थ कर्जही आणि पापही.

क्रियापद ‘आफिएमि’. हेच मत्तय ४:२०मध्ये कोळी जाळी सोडतात तिथे आहे, आणि ८:१५मध्ये पेत्राच्या सासूला ताप सोडतो तिथेही. जाळी सोडली, तापाने सोडले, ऋण सोडले : मराठी बायबलातले ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ हे इथे ‘क्षमा कर’पेक्षा ग्रीकला जवळ आहे. काळही पाहा. जुन्या प्रतींत ‘आफेकामेन’, सोडले आहे. पुढच्या बहुतेक प्रतींत वर्तमानकाळ. मराठी पाठ जुन्या प्रतींमागे जातो.

एक सावधगिरी. ‘येशूची मूळ अरामी प्रार्थना’ म्हणून फिरते ती बहुधा पेशित्ता, म्हणजे एदेस्सा भागातली सिरियाक (अरामीचीच एक शाखा), नंतरच्या शतकांतले भाषांतर. ‘लाह्मा द-सून्कानान’ (आमच्या गरजेची भाकर) ही एपिऊसिओसची सिरियाक उकल आहे, मूळ नव्हे.

उरलेले १२

‘आपो तू पोनेरू’मधली षष्ठी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी सारखीच : ‘वाईट गोष्टीपासून’ की ‘त्या दुष्टापासून’? गंमत म्हणजे आपले ‘वाइटापासून’ही दोन्ही लिंगांत सारखेच, त्यामुळे या कार्डावर मराठीची ओळ तूर्त तशीच ठेवली आहे.