विल मायर्सला का दिलं?

कॅन्सस सिटीला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की त्यांना घेऊन आम्ही बेसबॉलचा सामना बघायला कॉफमन स्टेडियमवर जातो. तिसऱ्या-चौथ्या इनिंगपर्यंत नियम समजावून होतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो. तुमचा रॉयल्स संघ एखाद्या पोराला चार-चार वर्षं तयार करतो आणि तो मोठ्या मैदानावर उतरायच्या आधीच त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतो, हे कसं? कुणाला ठेवायचं आणि कुणाला द्यायचं, हे ठरवतात तरी कशावरून?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे खटकणं साहजिक आहे. मुंबईने रणजीसाठी घडवलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कर्नाटकच्या एका अनुभवी गोलंदाजाच्या बदल्यात देऊन टाकला, अशी बातमी आपण कधी वाचलेली नाही. आयपीएलमध्ये अदलाबदल होते, पण ती बहुतेक नाव झालेल्या खेळाडूंची. इथे ज्यांचं नाव अर्ध्या शहराने ऐकलेलं नसतं अशा मुलांचीही होते. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून मी नेहमी जे सांगते ते जरा सविस्तर लिहिते, कारण दोन इनिंगच्या मधल्या वेळात ते पुरं होत नाही.

आधी व्यवस्था समजून घ्यायला हवी. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत 30 संघ, आणि प्रत्येकाच्या हाताखाली खालच्या पातळीच्या मायनर लीगचे चार संघ. आमच्या रॉयल्सचा पोरगा कोलंबिया, क्वाड सिटीज, मग नॉर्थवेस्ट आर्कान्सा आणि ओमाहा अशा पायऱ्या चढत वर येतो. ओमाहा इथून गाडीने तीन तासांवर आहे, त्यामुळे शेवटच्या पायरीवरची मुलं आम्हाला जवळून बघता येतात. मुलगा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं त्याच्यावर संघाचा हक्क असतो. पहिली तीन वर्षं तो जवळजवळ किमान पगारावर खेळतो, पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या नियमांनी वाढत जातो, आणि मग तो मोकळा होतो. म्हणजे प्रॉस्पेक्ट देताना संघ खरं तर स्वस्तातली सहा वर्षं देतो. समोरून येतो तो बहुधा तयार खेळाडू, ज्याची एक-दोन वर्षंच उरलेली असतात. वर्षांच्या बदल्यात वर्षं. दूरची, अनिश्चित वर्षं देऊन जवळची, खात्रीची वर्षं घ्यायची. हे एकदा डोक्यात बसलं की अमुक मुलगा किती चांगला आहे, यापेक्षा त्याची वर्षं आपल्या कामाला केव्हा येणार, हा प्रश्न मोठा होतो.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. निवड मुलाकडे बघून करायची नसते, संघाच्या घड्याळाकडे बघून करायची असते. आणि हे मला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा रॉयल्सच्या 2011 ते 2015 या वर्षांनी जास्त चांगलं शिकवलं.

2011च्या सुरुवातीला 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने देशातल्या पहिल्या शंभर प्रॉस्पेक्टची यादी काढली. तिच्यात एकट्या रॉयल्सचे नऊ होते. 1985 नंतर एकदाही प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना, न गेलेल्या शहरासाठी ते नऊ जण म्हणजे सगळा भविष्यकाळ होता. एरिक हॉस्मर, माइक मुस्टाकस, विल मायर्स, क्रिस्टियन कोलोन हे चार फलंदाज. जॉन लॅम, माइक माँटगोमेरी, डॅनी डफी, जेक ओडोरिझी, क्रिस ड्वायर हे पाच पिचर, म्हणजे गोलंदाज. आम्ही ही नावं क्रमाने म्हणायचो.

त्या पाच पिचरांचं काय झालं ते बघा. लॅमचं कोपर त्याच वर्षी गेलं आणि टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ड्वायरच्या वाट्याला मेजर लीगमध्ये मोजक्याच इनिंग आल्या. माँटगोमेरी ओमाहात अडकून पडला. स्टार्टर म्हणून, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणून, नीट उभे राहिले ते दोघेच, डफी आणि ओडोरिझी, आणि त्यातला ओडोरिझी दुसऱ्यांकडे. हे रॉयल्सचं दुर्दैव नव्हतं, तरुण पिचरांचं सगळीकडे साधारण असंच होतं. खांदा आणि कोपर यादीतला क्रमांक बघत नाहीत. म्हणून माझ्या हातात असतं तर मी फलंदाजाआधी पिचर दिला असता, आणि तो निरोगी असताना, त्याचं नाव गाजत असताना दिला असता.

आणि त्या यादीत कोण नव्हतं? व्हेनेझुएलाहून सोळाव्या वर्षी करारबद्ध केलेला साल्वादोर पेरेझ. पुढे 2015च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. संघाच्या आतल्या माणसांना, त्याला रोज पिचरांशी बोलताना आणि चेंडू अडवताना बघणाऱ्या प्रशिक्षकांना, जे कळत होतं ते यादीला कळलं नव्हतं. यादी म्हणजे बाजारभाव. देताना तो भाव वापरावा, ठेवताना मात्र घरच्या माणसांचं ऐकावं.

आता विल मायर्स. 2012मध्ये त्याने आर्कान्सा आणि ओमाहा मिळून 37 होमरन मारले आणि मायनर लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या उन्हाळ्यात निवडक खेळाडूंचा वार्षिक ऑल-स्टार सामना आमच्याच मैदानावर होता. त्याच्या आधी उगवत्या खेळाडूंचा जो सामना होतो त्यात मायर्स कॉफमनवर खेळला, तेव्हा स्टेडियमने त्याचं स्वागत घरच्या मुलासारखं केलं. त्याच डिसेंबरमध्ये सरव्यवस्थापक डेटन मूर यांनी त्याला टँपा बेला देऊन टाकलं. एकट्याला नाही. मायर्स, ओडोरिझी, माँटगोमेरी आणि आणखी एक मुलगा असे चौघे गेले. बदल्यात जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आले. शील्ड्स तिशी ओलांडलेला आणि त्याची दोनच वर्षं शिल्लक.

इथे हाहाकार झाला. नुकतेच 90 सामने हरलेल्या संघाने दोन वर्षांच्या पिचरसाठी असा मुलगा द्यावा, हे बहुतेक जाणकारांना वेडेपणाचं वाटलं. पुढच्याच वर्षी मायर्स मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तेव्हा तर मूर यांचं नाव घ्यायची सोय नव्हती.

पण मूर यांच्यापुढचं घड्याळ बघा. हॉस्मर आणि मुस्टाकस 2011मध्येच वर आले होते. पेरेझही. दोन वर्षं आधी झॅक ग्रिंकीला हरणाऱ्या संघात राहायचं नव्हतं, तेव्हा त्याच्या बदल्यात मिलवॉकीकडून लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार आले होते. हो, साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवलेला पिचर देऊन मुलं घेण्याचं कामही याच मूर यांनी केलं होतं, आणि तेही बरोबर होतं, कारण 2010मध्ये रॉयल्सचं घड्याळ सुरूच झालेलं नव्हतं. 2012 संपताना ते सुरू झालं होतं. या सगळ्या मुलांची वर्षं 2017च्या आसपास एकदम संपणार होती. मधल्या चार-पाच वर्षांत जे करायचं ते करायचं, आणि त्यासाठी फलंदाज होते, क्षेत्ररक्षण उत्तम होतं, पहिला चेंडू टाकायला भरवशाचा माणूस नव्हता. अढीतले आंबे पिकायला लागले की शेवटच्या फळासाठी थांबून चालत नाही.

2013मध्ये संघाने 86 सामने जिंकले. 2014मध्ये 29 वर्षांनी प्लेऑफ. 30 सप्टेंबरच्या रात्री ओकलंडविरुद्ध बारा इनिंग चाललेला तो 9-8 चा सामना सुरू केला शील्ड्सनेच. तो फार चांगला खेळला नाही त्या रात्री, हे मान्य. पण दोन वर्षं दर पाच दिवसांनी तो उभा राहिला, म्हणून संघ तिथपर्यंत पोचला होता. वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यात हातची गेली, शील्ड्सची वर्षं संपली आणि तो निघून गेला.

मात्र या सौद्यातला सर्वात मोठा लाभ वेड डेव्हिसचा होता. पहिल्या वर्षी त्याला स्टार्टर करून पाहिलं, जमलं नाही. मग शेवटच्या इनिंगांसाठी ठेवला आणि 2014मध्ये नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांचा सरासरी आकडा 1.00, 2015मध्ये 0.94. 1 नोव्हेंबर 2015 रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडी त्यानेच बाद केला. आणि त्याच बाराव्या इनिंगमध्ये संघाला आघाडी मिळवून देणारी धाव आणली ती क्रिस्टियन कोलोनने, त्या नऊ जणांपैकी ज्याला सगळे विसरले होते त्याने. त्या संपूर्ण प्लेऑफमध्ये त्याला बॅट हातात धरायची ती एकच संधी मिळाली होती.

मायर्सची कारकीर्द पुढे बरी झाली, एकदा ऑल-स्टारही झाला. पण तो अगदी हॉल ऑफ फेमला गेला असता तरी मी तो सौदा बरोबरच म्हटला असता. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवसाच्या माहितीवर तोलायचा असतो, आणि त्या दिवशी रॉयल्सना 2019चा मायर्स नको होता, 2014चा पिचर हवा होता.

याची उलट बाजूही त्याच शील्ड्सच्या नावावर आहे. जून 2016मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला सॅन डिएगोकडून घेतलं. तेव्हा तो 34 वर्षांचा होता. बदल्यात जे दोन खेळाडू दिले त्यात एक 17 वर्षांचा मुलगा होता, ज्याने व्हाइट सॉक्ससाठी एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. त्याचं नाव फर्नांडो टाटिस धाकटा. 2021मध्ये त्याने 42 होमरन मारले आणि त्याच वर्षी सॅन डिएगोने त्याच्याशी 14 वर्षांचा 34 कोटी डॉलरचा करार केला. लोक म्हणतात, 17 वर्षांच्या मुलाचं भविष्य कुणाला दिसतं? कुणालाच नाही. पण व्हाइट सॉक्सचं स्वतःचं घड्याळ तर दिसत होतं. अवघ्या सहा महिन्यांत त्याच संघाने आपला सर्वोत्तम पिचर ख्रिस सेल बॉस्टनला देऊन नव्याने बांधणी सुरू केली. जूनमध्ये जिंकायला निघालेला आणि डिसेंबरमध्ये सगळं मोडायला काढणारा संघ, अशाने कोणताही मुलगा देऊ नये. ज्याच्याबद्दल आपल्याकडे अजून पुरती माहितीच जमलेली नाही, असा तर मुळीच नको.

काही वेळा निवड पुढे ढकलताच येत नाही. संघाच्या मुख्य यादीत 40 नावं बसतात. अठरा किंवा त्याहून कमी वयात घेतलेला मुलगा पाच हंगामांनंतर, आणि मोठा असेल तर चारनंतर, त्या यादीत घातला नाही तर डिसेंबरच्या 'रूल फाइव्ह' निवडीत दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. 1954मध्ये पिट्सबर्गने ब्रुकलिनकडून रोबेर्तो क्लेमेंतेला असंच उचललं. आमच्या रॉयल्सनी 2006मध्ये सॅन डिएगोचा होआकिम सोरिया घेतला, आणि तो दोनदा ऑल-स्टार झाला. त्यामुळे दर नोव्हेंबरमध्ये काही सौदे होतात ते केवळ जागा नाही म्हणून. असा मुलगा आधीच देऊन काहीतरी पदरात पाडून घेणं शहाणपणाचं. त्याच्याही दृष्टीने चांगलं, कारण जिथे त्याला जागा आहे तिथे तो जातो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या मुलांना फोनवर कळतं की आपण आता दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या संघात राहायचं. ज्याच्या पुढे आपल्याकडे कायमचा कोणी उभा आहे, त्याला अडवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

2015च्या जुलैत मूर यांनी पुन्हा तेच केलं. पिचर जॉनी क्वेटोसाठी तीन तरुण पिचर दिले, त्यात तो लॅमही होता. फलंदाज बेन झोब्रिस्टसाठी शॉन मनाया आणि आणखी एक पिचर दिला. दोघेही पाहुणे फक्त हंगाम संपेपर्यंतचे. क्वेटो अनेकदा निराश करून गेला, पण वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्याने पूर्ण नऊ इनिंग टाकून फक्त दोन हिट दिल्या. मनायाने 2018मध्ये ओकलंडसाठी बॉस्टनविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही. मला त्याचा आनंदच झाला.

त्याच 2018मध्ये आम्ही 104 सामने हरलो, पुढच्या वर्षी 103. ती किंमत होती, आणि ती आम्ही पुरेपूर मोजली. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून सामने बघितले. 2015च्या विजयाच्या मिरवणुकीला लाखो लोक रस्त्यावर आले होते, त्यातल्या कुणालाही विचारा, तो सौदा पुन्हा करायचा का. मी तरी पुन्हा करीन.

यानंतर पाहुणे हमखास विचारतात, मग बॉबी विटला द्याल का? नाही. 2019मध्ये, त्या हरण्याच्या वर्षांमुळे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर मिळालेला तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, आहे, आणि 2024मध्ये रॉयल्सनी त्याच्याशी 11 वर्षांचा करार केला. 2030च्या हंगामानंतर त्याला करार सोडून जायची मुभा आहे. म्हणजे आताचं घड्याळ 2030पर्यंतचं. तोवर त्याच्या शेजारी उभा राहू शकेल असा ओमाहातला किंवा आर्कान्सातला फलंदाज मी देणार नाही. जे पिचर आज गाजताहेत आणि जी मुलं त्यानंतर तयार होतील, त्यांच्या बदल्यात चांगला फलंदाज मिळत असेल, तर या जुलैतही द्यावीत.