तुम्ही विचारलंत म्हणून: सुयांमुळे दिवस राहिले का?

मुलगी झाल्यापासून कॉलेज रोडला भाजी घेताना पण कोणीतरी ओळखीचं हळूच बाजूला घेऊन विचारतं, आयव्हीएफच्या वेळी तू ॲक्युपंक्चर करत होतीस ना, मग त्यानेच झालं का गं? मला नाही वाटत. सासूबाई म्हणतात वणीच्या देवीने दिली, सुया टोचणाऱ्या मॅडम म्हणतात बघा रक्तपुरवठा सुधारला, डॉक्टर नुसत्या हसतात.

हे सगळं गाजलं ते २००२ च्या जर्मनीतल्या अभ्यासामुळे. १६० बायका, निम्म्यांना ट्रान्सफरच्या, म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडतात त्याच्या, आधी आणि नंतर २५-२५ मिनिटं सुया, त्यांच्यात ४२.५ टक्के जणींना दिवस राहिले आणि बाकीच्यांत २६.३. आकडे बघून कोणीही धावत सुटेल. पण ज्यांना सुया नव्हत्या त्यांना ते माहीतच होतं की, मग सुयांचा परिणाम किती आणि मनाचा किती हे कसं कळणार! मग २०१८ ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मोठा अभ्यास आला, आठशेवर बायका, काहींना खऱ्या सुया आणि काहींना कातडीत न शिरणाऱ्या खोट्या. बाळ हातात आलं किती जणींच्या? खऱ्यावाल्या १८.३ टक्के, खोट्यावाल्या १७.८. संपला विषय.

मग मी का जात होते? ट्रान्सफर झाल्यापासून बीटाचा (दिवस राहिलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना कळेल, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसभर कोणी ना कोणी "काही कळलं का" करत फोन करतं. गंगापूर रोडच्या त्या खोलीत फोन बंद, हातापायात सुया म्हणून हलायचं पण नाही, आणि मी चक्क घोरायचे. झोपायला कशाला पैसे द्यायचे असं नवरा म्हणाला, त्याला पोटात इंजेक्शनं नव्हती ना घ्यायची! माझे तरी पैसे वसूल झाले.

तुम्हाला करायचंच असेल तर आयव्हीएफच्या डॉक्टरांना आधी सांगा, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर नक्कीच. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, एकदा वापरून फेकायच्या असतात त्या. आपल्याकडे महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, त्यामुळे नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. आणि प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून डॉक्टर देतात ते हार्मोन) बंद करा, आमच्या सुया पुरेत असं कोणी म्हणालं तर चप्पल घालून सरळ खाली या आणि रिक्षा पकडा.