विनिपेगला बिऱ्हाड हलवताना: थंडीपेक्षा ओलाव्याचा बंदोबस्त करा

कॅनडाला जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी जाडजूड स्वेटरांची होते. मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला येणार असाल तर ते पैसे वाचवा. इथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं, रात्री उणे ३० होणं नवलाचं नाही आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जमिनीवर बर्फ असतो. तरीही शहर रोजच्यासारखं चालू असतं. इथे संसार मांडल्यापासून माझी एका गोष्टीची पक्की खात्री झाली आहे: या हवेत माणूस, घर आणि गाडी अडतात ती बहुतेकदा नको तिथे साचलेल्या ओलाव्यामुळे. तो कुठे साचतो हे कळलं की निम्मा हिवाळा सोपा होतो.

निघण्याआधीची कामं थोडक्यात सांगते. कायम रहिवासी म्हणून येत असाल तर सामानाच्या दोन याद्या करा, एक सोबत आणलेल्याची आणि दुसरी मागून येणाऱ्याची. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून दोन्हींवर शिक्का घ्या. मागून आणायच्या वस्तू दुसऱ्या यादीत नसतील तर पुढे त्यांच्यावर शुल्क लागू शकतं. दागिन्यांसाठी नुसतं ‘सोन्याचे दागिने’ लिहून भागत नाही. प्रत्येक नगाचं वर्णन, किंमत आणि शक्यतो फोटो हवा. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर तसं जाहीर करावं लागतं. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत घेऊन या, शाळेत लागतात.

विजेचा दाब इथे १२० व्होल्ट आहे, म्हणून घरातला २३० व्होल्टचा मिक्सर आणू नका. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मुंबई-पुण्यातल्या मोठ्या दुकानांत मिळतात, तोच घ्या. कुकर जरूर आणा, पण सपाट बुडाचा, आणि जादा रिंगा व सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर ठेवा. इथल्या विजेच्या शेगड्या बटण बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, त्यामुळे शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून शेजारच्या थंड शेगडीवर ठेवायचा. नाहीतर वरणाची डाळ नेहमी जास्तच शिजते.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँक खातं आणि मॅनिटोबाच्या आरोग्य कार्डाचा अर्ज ही तीन कामं उरकून घ्या. भारतीय परवान्यावर सुरुवातीचे तीन महिनेच गाडी चालवता येते. पुढे इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. सक्तीचा गाडीविमा प्रांताच्या सरकारी महामंडळाकडूनच मिळतो, त्यामुळे स्वस्त कंपनी शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

घर भाड्याने घेताना अनामत म्हणून अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम घरमालक मागू शकत नाही. त्याहून महत्त्वाचे प्रश्न मात्र दोन: हीटिंगचा खर्च भाड्यात धरला आहे का, आणि पार्किंगच्या जागेला विजेचं सॉकेट आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व गाडीकडे वळल्यावर कळेल.

आता कपडे. आपल्या सवयीचं सुती बनियन हा इथला सगळ्यात मोठा शत्रू. सूत घाम शोषून धरून ठेवतं, वाळत नाही, आणि चालणं थांबवून बसथांब्यावर उभं राहिलं की तोच ओला थर अंगातली ऊब खेचून घेतो. म्हणून अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीसचं (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचं) जाकीट, आणि सगळ्यांवर मांडीपर्यंत येणारा, टोपडं असलेला, वारा न शिरणारा पार्का. चालायला लागण्याआधी किंचित गारवा जाणवला तर कपडे बरोबर आहेत. घरातच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार. दुकानात शिरताच चेन उघडायची सवय लावून घ्या.

बूट एक माप मोठे आणि उणे ३० ते ४० साठी बनवलेले घ्या. मोज्यांचे दोन घट्ट जोड घातले की रक्ताभिसरण आवळतं आणि पाय अधिक गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा आणि बोटं हलवायला जागा हवी. आतलं नमद्याचं अस्तर सुटं निघणारं असावं, कारण ते रोज रात्री बाहेर काढून वाळवायचं असतं. दिवसभरात पायाला येणारा घाम त्यातच मुरतो आणि ओलं अस्तर सकाळी बर्फासारखं लागतं. हाताला पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त ऊब देतात. पार्का आणि बूट इथेच घ्या. भारतात ‘बर्फाचे’ म्हणून मिळणारे कपडे सहलीपुरते ठीक असतात, पण इथल्या जानेवारीला पुरत नाहीत. हिवाळ्यात उतरणार असाल तर टोपी, मिटन आणि एक उबदार जाकीट मात्र केबिन बॅगेतच ठेवा.

हवामानाच्या बातम्यांत तापमानाशेजारी ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा असतो, तो पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. उणे २८ ते ३९ च्या दरम्यान उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ ला ५ ते १० मिनिटांत. चमकी, कानातले, धातूची चष्म्याची दांडी त्वचेतली ऊब झपाट्याने ओढून घेतात, तिथे रुमाल किंवा टोपी असू द्या. आधी दुखणं, मग बधिरपणा आणि पांढरी, मेणासारखी त्वचा ही हिमदंशाची खूण. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. तो भाग चोळायचा नाही आणि हीटरसमोरही धरायचा नाही, कारण बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. अंगाच्या तापमानाएवढ्या, साधारण ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

घरात गणित उलटं होतं. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की ती कमालीची कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. मग लोक हवेत बाष्प सोडणारा ह्युमिडिफायर लावून मोकळे होतात आणि दोन आठवड्यांत खिडक्यांवर पाणी, मग बर्फ, मग चौकटीत काळी बुरशी. आर्द्रता किती ठेवायची हे बाहेरच्या तापमानावर ठरतं. बाहेर उणे १० असेल तर आत साधारण ३० टक्के चालते, उणे २० ला २५ आणि उणे ३० ला २० च्या आसपास. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र फार महाग नसतं, ते आधी घ्या. आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर असते, तेव्हा कुकर, इडली, भात यांच्या वेळी चुलीवरचा पंखा चालू ठेवा. तो हवा बाहेर टाकतो की नुसती फिरवतो हे घर घेतानाच विचारा. फोडणीच्या धुराने वाजणाऱ्या अलार्मचा प्रश्नही त्यातच सुटतो. इडलीचं पीठ २० अंशांच्या घरात फुगत नाही. ते बंद ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावा, तेवढी ऊब पुरते. कुणीतरी ओव्हन चालू करू नये म्हणून बटणावर चिठ्ठी डकवा.

फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदला. फर्नेसच्या नळ्या घराच्या बाहेरच्या भिंतीतून निघतात, त्यांच्या तोंडाशी बर्फ साचला की फर्नेस बंद पडते. हिमवादळानंतर अंगणातली वाट साफ करण्याआधी त्या मोकळ्या करा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच.

गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबताना दिसेल. तो ब्लॉक हीटरचा. गाडी उभी असताना तो इंजिनमधलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कोमट ठेवतो. उणे १५ च्या खाली गेलं की निघण्याआधी दोन ते चार तास लावायचा, टायमर असला की रात्रभर वीज जळत नाही. वायर बाहेरच्या वापराची, तीन पिनांची असावी. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही अडचणी एकाच सकाळी येतात. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प टाकीत थेंब धरतं आणि इंधनाच्या नळीत ते गोठतं. काच धुण्याचं पाणी उणे ४० ला चालणारंच घाला. कूलंट निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं, ते मेकॅनिककडून तपासून घ्या. बर्फाचे टायर मॅनिटोबात सक्तीचे नाहीत, पण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर ऑक्टोबरमध्येच बसवा, नंतर गॅरेजमध्ये रांग लागते. महामार्गावर अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. मागचा धुराडा बर्फातून मोकळा करा, खिडकी किंचित उघडी ठेवा आणि इंजिन तासाला सुमारे दहा मिनिटंच चालवा. डिकीत फावडं, घोंगडी, जंपर केबल आणि वाळूची पिशवी असू द्या.

डिसेंबरच्या अखेरीस उजेड जेमतेम आठ तास असतो, आणि तोही इतका तिरपा की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. इथल्या दुधात ते घातलेलं असतं. तरी निघण्यापूर्वी ड आणि बी-१२ तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या ठरवा, शाकाहारी घरांनी तर नक्कीच.

राहता राहिली जमिनीखालून घरात येणारी पाण्याची नळी. थंडी जमिनीत सावकाश खाली उतरते, त्यामुळे हवा निवळायला लागल्यावर, मार्चच्या सुमारास, गोठण सर्वांत खोल गेलेली असते. २०१४ मध्ये याच कारणाने शहरातल्या हजारो घरांचं पाणी बंद पडलं. पाणी विभागाने घराला इशारा दिला तर एक नळ पेन्सिलीच्या जाडीच्या धारेने सतत सोडून ठेवा. घरातली नळी गोठली तर नळ उघडा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूपासून गोठलेल्या भागाकडे ऊब देत जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला आणि वाफेला बाहेर पडायला वाट राहते. ज्योत लावू नका. नळी फुटलेली दिसली तर आधी मुख्य तोटी बंद करा, मग प्लंबरला फोन. ती तोटी तळघरात कुठे आहे हे घर ताब्यात घेतानाच पाहून ठेवा.