आईचे ग्रंथालयातील सभासदत्व: माझा अनुभव

आर्वीचे घर बंद करून आई कायमची नागपूरला राहायला आली आणि तिला आमच्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद करून देण्याचे काम मी हाती घेतले. अर्जासोबत छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा हवा होता. आधार कार्डावर पत्ता आर्वीचा आणि विजेचे बिल माझ्या नावावर, अशी अडचण निघाली. ग्रंथपाल मॅडमनी त्यावर सोपा मार्ग सांगितला, तो म्हणजे परिसरातील एखाद्या जुन्या सभासदाने अर्जावर हमी म्हणून सही करावी. आमच्या वरच्या मजल्यावरील निवृत्त गुरुजींनी ती आनंदाने केली. सभासदत्व सोडताना अनामत रक्कम परत मिळते, मात्र त्या वेळी मूळ पावती दाखवावी लागते. ती पहिल्याच दिवशी कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवावी, असे मी सर्वांना सांगेन.

वर्गणी इतकी कमी कशी, हा प्रश्न आईलाही पडला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग केले जातात व त्यानुसार शासनाचे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीची मदत, मिळते. तामिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेतला जातो, तसा कर आपल्याकडे नाही. त्यामुळे अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांतूनच कर्मचाऱ्यांचे वेतन आणि पुस्तक खरेदी भागवावी लागते, आणि म्हणूनच काही सभासद वर्गणी थकवतात याचे मला वाईट वाटते.

खरी कसोटी पुस्तक निवडण्याची होती. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे बारीक टाइप आणि पिवळा पडलेला कागद तिला वाचवत नाही. मॅडम तिला हाताला धरून मराठी साहित्याच्या कपाटांपाशी, म्हणजे पुस्तके विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या दशांश वर्गीकरणातील 891.46 या क्रमांकाच्या रांगेत, घेऊन गेल्या. एकेक पुस्तक मधोमध उघडून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले आणि "काकू, एवढं अक्षर दिसतं का?" असे विचारले. आईने मान हलवली की पुस्तक बाजूला, नाही म्हटले की परत जागेवर. शेवटी तिच्या सभासद कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "मोठा टाइप" असे लिहिले गेले. तेव्हापासून देवघेवीच्या टेबलामागे तिच्यासाठी पुस्तके काढून ठेवलेली असतात. सेवांच्या फलकावर या गोष्टीचा उल्लेख नाही, परंतु माझ्या मते त्या ग्रंथालयाची सर्वांत मोठी सेवा हीच आहे.

वाचनकक्ष सभासद नसलेल्यांनाही खुला आहे. सकाळी तेथे 1911 पासून नागपुरातून निघणारा इंग्रजी 'हितवाद' आणि मराठी दैनिके वाचणारे ज्येष्ठ नागरिक असतात. दुपारी त्याच टेबलांवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले बसतात. मे महिन्याच्या उन्हात घरी पत्र्याखाली अभ्यास करणे किती कठीण असते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी भरावी लागते; आईने तीही लगेच भरली.

ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आहे आणि आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. त्यामुळे तिने सही केलेले अधिकारपत्र देऊन पुस्तके मी आणते आणि परत करते. पण ज्यांच्या घरी आणून देणारे कोणी नाही, त्यांनी काय करावे? आठवड्यातून एक दुपार तळमजल्यावर देवघेव ठेवावी, असा लेखी अर्ज मी कार्यकारी मंडळाला दिला आहे. हमी देणाऱ्या गुरुजींनी आणि वाचनकक्षातील अनेक ज्येष्ठांनी त्यावर सह्या केल्या असून, मंडळाच्या येत्या सभेत तो विषय चर्चेला घेतला जाणार आहे.